हलतं चित्र कशात बांधावं?

गणपतीच्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर मोदकाचं हलतं स्टिकर येतं. मागोमाग कुणीतरी नाचणाऱ्या उंदराचं जिफ पाठवतं आणि तिसरा मिरवणुकीचा व्हिडिओ. पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच, चित्र हलतंय एवढंच. फोनच्या पोटात मात्र त्या वेगवेगळ्या वस्तू आहेत. स्टिकर ही वेबपी फाइल असते आणि मिरवणूक एमपी-फोर. ज्याला आपण जिफ म्हणतो, ते तिथे जिफ नसतंच. व्हॉट्सअ‍ॅप त्याचा बिनआवाजी एमपी-फोर व्हिडिओ करून पुढे धाडतं. पाटी जुनीच राहिली, दुकानातला माल बदलला.

वेबपानावर हलतं चित्र ठेवायचं तर ते कोणत्या फाइलमध्ये बांधावं, हा या प्रकरणाचा विषय. नुसत्या तुलनेनं हाती फारसं लागत नाही, म्हणून आपण एक पान कल्पू. शाळेतल्या मुलांसाठी आकाशाची ओळख करून देणारं पान. त्यावर तीन चित्रं हलायला हवीत. पहिलं, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राची आकृती, कला दाखवणारी, खाली तिथींची नावं असलेली. दुसरी, दुर्बिणीतून टिपलेली चंद्रग्रहणाची खरी चित्रफीत. तिसरा, मथळ्याशेजारून सरकणारा हाताने रंगवलेला धूमकेतू, ज्याची शेपटी मागच्या रंगात विरत जाते. या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि फाइलची निवड त्या स्वभावावरून होते.

सुरुवात जिफपासूनच करायला हवी. १९८७ साली, म्हणजे वर्ल्ड वाइड वेबचा जन्मही व्हायचा होता तेव्हा, अमेरिकेतली कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी टेलिफोनच्या तारेवरून घरोघरच्या संगणकांना माहिती पुरवत असे. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची चित्र साठवायची रीत निराळी होती आणि तारेचा वेग अगदी कमी. सगळीकडे उघडेल आणि लवकर उतरेल अशी एक चित्रफाइल हवी होती. स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली. तिचा उच्चार 'जिफ' असाच करायचा, असा विल्हाइट यांचा शेवटपर्यंत आग्रह होता; २०१३ साली वेबी पुरस्कार स्वीकारताना त्यांनी भाषणाऐवजी एक जिफ दाखवून तेच सांगितलं. २०२२ साली ते गेले.

जिफची सगळी ताकद आणि सगळी उणीव दोन गोष्टींत आहे. पहिली, एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. दुसरी, चित्र आवळायची तिची पद्धत. लेम्पेल, झिव्ह आणि वेल्च या तिघांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन तिला एलझेडडब्ल्यू म्हणतात. ती समजायला जुनं मराठी पत्र आठवावं. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे सगळं लिहिण्याऐवजी आपली वडीलधारी माणसं 'सा. न. वि. वि.' लिहीत आणि वाचणारा मनातल्या मनात ते पूर्ण करी. एलझेडडब्ल्यू हेच करते. चित्रात रंगांची एखादी ओळ पहिल्यांदा आली की ती सविस्तर लिहायची, तिला एक खूण द्यायची आणि पुढे तीच ओळ आली की खूण लिहून मोकळं व्हायचं. तिची खरी करामत अशी, की खुणांची यादी फाइलसोबत पाठवावी लागत नाही. उलगडणारा प्रोग्राम वाचता वाचता तीच यादी स्वतः तयार करत जातो.

म्हणून एकसारख्या रंगाचे सपाट पट्टे असलेलं चित्र जिफमध्ये अगदी लहान होतं. छायाचित्रात मात्र शेजारशेजारचे दोन ठिपकेही तंतोतंत सारखे नसतात. खूण द्यावी अशी ओळ पुन्हा येतच नाही. आपल्या ग्रहणाचा व्हिडिओ जिफमध्ये कोंबला, तर काळसर तांबूस होत जाणारा चंद्र २५६ रंगांत बसवताना त्यावर पट्टे उमटतील. ते लपवण्यासाठी दोन रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळतात, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात करतात तसं. डोळ्याला बरं वाटतं, पण त्या विखुरलेल्या ठिपक्यांनी उरलीसुरली पुनरावृत्तीही मोडते आणि फाइल आणखी फुगते. हिशोब करून पाहा. ४८० बाय २७० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला १५ फ्रेम्स, तीन सेकंद. एका फ्रेममध्ये १,२९,६०० ठिपके, ४५ फ्रेम्स, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट. आवळण्याआधी ५८ लाख बाइट्स झाले, आणि छायाचित्र असेल तर आवळूनही त्यातले फार थोडे कमी होतात. तीन सेकंदांच्या, अंगठ्याएवढ्या चित्रासाठी.

जिफ आधी हलत असे ते सरकत्या चित्रपट्टीसारखं, एकदा. १९८९ च्या आवृत्तीनं दर फ्रेमला किती वेळ थांबायचं ते लिहायची सोय केली आणि एक रंग पारदर्शक ठरवता येऊ लागला. पुन्हा पुन्हा फिरत राहणं ही भर मात्र कॉम्प्युसर्व्हची नाही. नव्वदीच्या मध्यावर नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीनं फाइलमध्ये आपल्या नावाची एक छोटी चिठ्ठी खोचली आणि चित्र किती वेळा फिरवायचं ते त्या चिठ्ठीत लिहिलं. नेटस्केपची देखभाल २००८ मध्ये थांबली. पण आज बनवलेलं फिरतं जिफही साध्या मजकूर वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडलंत, तर इतर गिचमिडीत 'नेटस्केप २.०' ही अक्षरं रोमन लिपीत स्पष्ट दिसतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शिलालेखात मूर्ती घडवणाऱ्याचं नाव राहावं तसं ते नाव तिथे आहे.

जिफची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. एक नाहीतर शून्य लिहिलं, तर ब्राउझर ते मानत नाहीत आणि दहा धरतात, म्हणजे सर्वांत वेगवान व्हायला निघालेलं चित्र उलट संथ चालतं. पहिल्यांदा जिफ बनवणारे इथे हमखास गोंधळतात. दोन लिहा, सेकंदाला पन्नास फ्रेम्स मिळतील. त्याहून वेगाची आशा ठेवू नका.

मग डिसेंबर १९९४ मध्ये युनिसिस या कंपनीनं एलझेडडब्ल्यूवरच्या पेटंटचा हक्क सांगितला. जिफ लिहिणारे प्रोग्राम बनवणाऱ्यांना परवान्याचे पैसे मोजावे लागणार होते. या रागातून मोकळ्या हक्कांची पीएनजी फाइल जन्मली. ती लाखो रंग सांभाळते, आणि अर्धी-पाव पारदर्शकताही. पण बनवणाऱ्यांनी ठरवून तिच्यात हालचाल ठेवली नाही. हालचालीसाठी एमएनजी नावाची वेगळी फाइल आखली. ती इतकी गुंतागुंतीची झाली, की ब्राउझरवाल्यांना ती पेलली नाही. युनिसिसचं अमेरिकन पेटंट २००३ मध्ये संपलं, तोवर जिफची सवय पक्की झाली होती.

मोझिलातल्या दोघांनी, स्टुअर्ट पार्मेंटर आणि व्लादिमीर वुकिचेविच यांनी, २००४ साली सोपी वाट काढली. पीएनजीच्या पोटातच पुढच्या फ्रेम्स अशा ठेवायच्या, की हालचाल न कळणाऱ्या जुन्या प्रोग्रामला त्या दिसूच नयेत आणि त्यानं पहिली फ्रेम साधं चित्र म्हणून दाखवावी. हे एपीएनजी. कल्पना इतकी सोज्वळ, पण पीएनजीची धुरा वाहणाऱ्या गटानं २००७ मध्ये मतदानानं ती नाकारली. पीएनजी म्हणजे एकच स्थिर चित्र, हा त्यांचा आग्रह होता. फायरफॉक्सनं पुढच्याच वर्षी ती घेतली, सफारीनं २०१४ मध्ये, क्रोमनं २०१७ मध्ये. आणि २०२५ च्या जूनमध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं पीएनजीची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा हालचाल तिच्यात अधिकृतपणे आली. नाकारल्यापासून १८ वर्षांनी. नाकारणाऱ्यांची चूक झाली असं माझं स्पष्ट मत आहे. त्या मतदानानं जिफचं आयुष्य विनाकारण दहा वर्षांनी वाढवलं.

आता आपला धूमकेतू घ्या. जिफमध्ये एखादा ठिपका एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही. मधली अवस्था नाही. त्यामुळे विरत जाणारी शेपटी कात्रीनं कापल्यासारखी दिसते, किंवा बनवताना मागे जो रंग धरला होता त्याची पांढुरकी किनार अंगावर घेऊन फिरते. एपीएनजीत प्रत्येक ठिपक्याला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळतात आणि शेपटी खरोखर विरते. अडचण एकच: एपीएनजी रंगाचा कणही टाकून देत नाही, म्हणून हाताने रंगवलेल्या, कागदाचा पोत असलेल्या चित्राची फाइल मोठी होते.

इथे वेबपी कामाला येतं. गूगलनं २०१० मध्ये ते आणलं, व्हीपी-एट या व्हिडिओतंत्रावर बेतून. डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून देण्याची आणि तरीही मऊ पारदर्शकता राखण्याची सोय एकाच फाइलमध्ये, हे त्याचं बळ. फायरफॉक्सनं ते २०१९ मध्ये आणि सफारीनं २०२० मध्ये स्वीकारल्यावर वेबपानावर वापरायला अडसर उरला नाही. धूमकेतूसाठी मी वेबपीच निवडेन. रेषा कोरीव आणि रंग मोजके असते, तर एपीएनजी. एव्हीआयएफ हे या घराण्यातलं नवं नाव, एव्ही-वन या व्हिडिओतंत्रातून आलेलं. आवळण्यात ते वेबपीच्या पुढे आहे, पण जुन्या, स्वस्त फोनला ते उलगडायला कष्ट पडतात. आपले वाचक असेच फोन वापरत असतील, तर घाई करू नये.

मात्र वेबपीच्या मुळाशी व्हिडिओतंत्र आहे म्हणून ते व्हिडिओसारखं वागेल असं समजू नका. बुद्धिबळाचा डाव कुणाला कळवायचा, तर प्रत्येक चालीनंतर अख्ख्या पटाचं चित्र काढून पाठवता येईल, किंवा पहिला पट दाखवून पुढे फक्त चाली सांगता येतील. व्हिडिओ चाली सांगतो: हा तुकडा मघाच्या जागेवरून चार ठिपके उजवीकडे गेला, एवढंच. जिफ, एपीएनजी आणि वेबपी फार तर पटाचा जेवढा भाग बदलला तेवढा नव्यानं रंगवतात. वस्तू सरकली हे त्यांना सांगताच येत नाही. ग्रहणाच्या चित्रफितीत चंद्र दुर्बिणीच्या नजरेतून हळूहळू सरकतो. व्हिडिओसाठी ही अगदी सोपी चाल आहे, जिफसाठी प्रत्येक फ्रेममध्ये नवा चंद्र. म्हणून छायाचित्रणातून आलेल्या कुठल्याही हालचालीसाठी व्हिडिओच वापरावा, यात मला दुसरा विचारही करावासा वाटत नाही. ट्विटरनं २०१४ पासून लोकांनी चढवलेली जिफ व्हिडिओत बदलायला सुरुवात केली ती याच कारणानं.

व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा आणि जिफसारखा फिरत राहावा, तर एचटीएमएलमध्ये त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: आपोआप चाल, आवाज बंद ठेव, फिरत राहा आणि पानातच चाल, पडदाभर पसरू नकोस. चौथी सूचना आयफोनसाठी महत्त्वाची. २०१६ पर्यंत आयफोनवर हे शक्यच नव्हतं. तिथे व्हिडिओ दाबला की पडदाभर उघडायचा. जिफ इतकी वर्षं तगलं त्यात या अडवणुकीचाही वाटा आहे.

व्हिडिओतही एक खोड आहे आणि मराठी मजकूर वापरणाऱ्यांना ती जास्त जाचते. वेबवरचे नेहमीचे व्हिडिओ उजेड-अंधार पूर्ण बारकाव्यानं साठवतात, रंग मात्र चार ठिपक्यांमिळून एकदाच. डोळा रंगाच्या बाबतीत तितका चिकित्सक नसतो, म्हणून हे खपून जातं. पण काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहा आणि शिरोरेषेवरचे रफार, अनुस्वार आणि खालचे उकार पाहा. कडा पुसट होतात, 'र्व' आणि 'व' यांत फरक करणं अवघड होतं. नेहमीच्या वेबपीतही हेच घडतं. अक्षरं चित्रात भाजू नयेत. व्हिडिओच्या वर किंवा खाली खरा मजकूर म्हणून लिहावीत.

यावरून आपण उरलेल्या चित्राकडे येतो, चंद्रकलांच्या आकृतीकडे. आतापर्यंतच्या सगळ्या फाइल्स ठिपक्यांनी बनलेल्या होत्या. ही आकृती मुळात ठिपक्यांची नाहीच. तिच्यात एक मोठं वर्तुळ आहे, एक लहान वर्तुळ, काही रेषा आणि काही शब्द. एखादी मावशी फोनवरून भाचीला रांगोळी सांगते तेव्हा ती रांगोळीचा फोटो पाठवत नाही. 'नऊ ते एक ठिपके काढ, मधला सोडून बाजूचे जोड,' असं सांगते. भाची ती रांगोळी उंबऱ्यापुरती काढू शकते किंवा अंगणभर, रेष कुठेच फाटत नाही. एसव्हीजी म्हणजे अशी सांगितलेली रांगोळी. डब्ल्यूथ्रीसीनं २००१ मध्ये ती प्रमाण केली. वर्तुळ कुठे, केवढं, कोणत्या रंगाचं हे त्यात साध्या मजकुरात लिहिलेलं असतं. ते किती वेळात कुठून कुठे जावं हे त्याच फाइलमध्ये किंवा सीएसएसमध्ये लिहिता येतं. काही केबींत पूर्ण आकृती होते आणि ती शाळेच्या प्रोजेक्टरवरही तितकीच रेखीव दिसते.

शिवाय तिथले 'अमावास्या', 'अष्टमी', 'पौर्णिमा' हे शब्द खऱ्या अक्षरांचे असतात. ते शोधता येतात, अंध विद्यार्थ्याला संगणक वाचून दाखवू शकतो, आणि मुलानं चंद्र बोटानं ओढला की तिथी बदलेल अशीही व्यवस्था करता येते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात हे सांगण्यापेक्षा तो चंद्र ओढायला देणं कितीतरी चांगलं. ठिपक्यांच्या कुठल्याच फाइलला हे जमणार नाही.

अ‍ॅनिमेशन हाताने कोड लिहून करणं सगळ्यांना साधत नाही. चित्रकार आफ्टर इफेक्ट्ससारख्या प्रोग्राममध्ये काम करतात. एअरबीएनबीनं २०१७ मध्ये खुला केलेला लॉटी हा मार्ग त्यांच्यासाठी आहे: चित्रकारानं केलेली हालचाल आकड्यांच्या फाइलमध्ये उतरते आणि वेबपानावरचा एक प्रोग्राम ती वाचून चित्र पुन्हा काढतो. टेलिग्रामची हलती स्टिकरं याच घडणीची आहेत, ६४ केबींच्या आत बसवलेली. हे नाव लॉटे रायनिगर या जर्मन चित्रकर्तीवरून ठेवलं आहे. कात्रीनं कापलेल्या काळ्या कागदाच्या आकृत्या एकेक फ्रेम सरकवून तिनं १९२६ मध्ये राजपुत्र अहमदच्या साहसांचा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट पूर्ण केला होता. सांध्यांवर हलणारे आकार आणि प्रत्येक सांध्याची जागा, हे तिचं तंत्र आणि लॉटीचं तंत्र खरोखरच एका जातीचं आहे, म्हणून हे नाव मला समर्पक वाटतं. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या. चित्र एकच आणि छोटं असेल, तर ते चालवणारा प्रोग्राम चित्रापेक्षा जड होतो. आणि देवनागरी अक्षरं त्यात टाकायची तर आधी त्यांच्या बाह्यरेषा करून घ्याव्यात, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडण्याचा धोका असतो.

तीन चित्रांच्या तीन फाइल्स ठरल्या. पण कोणत्याही फाइलची निवड पाहणाऱ्याच्या शरीराचा विचार केल्याशिवाय पुरी होत नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड वेगानं लुकलुकला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको, हा वेबच्या सुगम्यतेचा नियम अशा अनुभवांतून आला आहे. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारं चित्र थांबवता आलं पाहिजे, हा दुसरा नियम. इथे फॉरमॅटचा फरक फार बोलका ठरतो. व्हिडिओ थांबवता येतो, सीएसएसची हालचाल थांबवता येते. जिफ, एपीएनजी आणि वेबपी यांना बहुतेक ब्राउझर थांबवण्याचं बटणच देत नाहीत. अनेकांना हालचालीनं भोवळ येते, आणि अशी माणसं आपल्या फोनमध्ये 'हालचाल कमी करा' ही सोय चालू ठेवतात. पानाला ती ओळखता येते. त्यांना धूमकेतूचं स्थिर चित्र दाखवण्यासाठी एचटीएमएलच्या दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी लिहाच.

आणि शेवटी फ्लॅश. जोनाथन गे यांच्या फ्यूचरस्प्लॅशमधून १९९६ साली तो निघाला, मॅक्रोमीडियानं घेतला, २००५ मध्ये अडोबीकडे गेला. रेषांनी सांगितलेली चित्रं, आवाज, खेळ, सगळं मोडेमच्या वेगात बसवणारा तो अद्भुत प्रकार होता. एका अख्ख्या पिढीनं अ‍ॅनिमेशन त्यावर शिकलं. पण तो चालवायला एकाच कंपनीचा प्लेअर लागे आणि त्या प्लेअरमध्ये सुरक्षेची भोकं सापडत राहिली. अ‍ॅपलनं आयफोनवर त्याला जागा दिली नाही. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं तो बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर स्वतःच फ्लॅशच्या फाइल्स चालवायचं नाकारू लागला. ज्यांच्याजवळ फक्त वेबपानावर चढवलेली फाइल होती, त्यांचं काम एका दिवसात पडद्याआड गेलं. रफल नावाचा मोकळा प्रोग्राम आणि इंटरनेट अर्काइव्ह यांनी त्यातलं बरंचसं पुन्हा चालतं केलं आहे, ते अनेकांच्या विनामोबदला कष्टांमुळे.

म्हणून वेबपानावर जे चढवाल ती नक्कल समजा. धूमकेतूची मूळ रंगवलेली चित्रं, ग्रहणाची न आवळलेली चित्रफीत, आकृतीचा एसव्हीजी मजकूर, हे सगळं एका फोल्डरमध्ये घाला, कोणत्या प्रोग्राममध्ये आणि कधी केलं ते सोबत लिहा, आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या डिस्कवर आजच ठेवा.